रविवारी सरकणारा ठिपका

एकतीस वर्षं ते लिफ्टमध्ये उभे होते. कोपऱ्यात एक स्टूल होतं, पण बसलं की जाळीचं दार ओढायला पुन्हा उठावं लागे, म्हणून स्टुलावर डबा बसे आणि ते उभे राहत. संशोधन संस्थेच्या त्या इमारतीला तळघर धरून पाच मजले. तळघरात भौतिकशास्त्र, कारण त्यांच्या यंत्रांना हादरा सोसत नाही. तळमजल्यावर झाडंझुडपं. पहिल्यावर फळमाश्या, दुसऱ्यावर मासे, आणि सगळ्यात वर, तिसऱ्यावर, माणसं. म्हणजे माणसं कशी वागतात ते पाहत बसलेली माणसं.

या सगळ्यांचं विज्ञान त्यांच्या कानावर रोज पडे, पण एका मजल्याच्या मापाने. “मादीला तीन नर दाखवले तर ती आधी...” इथे दुसरा मजला येई आणि बोलणारे उतरून जात. “प्रकाश जर खरंच तसा वागत असेल, तर मग आपण...” तळघर. अशी हजारो अर्धी वाक्यं त्यांच्यापाशी साठली होती, पूर्ण एकही नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्यावर ते ती बायकोला सांगत. ती एका टेलरसाठी घरी बसून काजं-बटणं करायची. ओठांतली सुई काढून ती पुढचा अर्धा भाग जोडून देई आणि सुई पुन्हा ओठांत धरे. मादी आधी काय करते याचं तिचं उत्तर छापण्याजोगं नव्हतं.

मग नवी लिफ्ट आली. तिला चालवायला कुणी लागत नव्हतं. ते भांडारात गेले, काही वर्षं काचेच्या नळ्या आणि रबरी बुचं देत बसले आणि निवृत्त झाले. महिनाभर घरी बसून त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या महिन्यात संस्थेनेच निरोप पाठवला. रविवारी सगळ्यांना सुट्टी असते, पण माश्यांना आणि माशांना कुठे असते? आठवड्यातून एक दिवस सगळ्या मजल्यांवर फिरून जे थांबवता येत नाही ते चालू ठेवायला एक माणूस हवा होता. तेव्हापासून त्यांना सगळे रविवारकाका म्हणू लागले. आधीचं नाव कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आठवण करून दिली नाही.

रविवारी सकाळी दहाला चाव्यांचा जुडगा घेऊन ते वरून सुरुवात करत. तिसऱ्या मजल्यावर एक खोटी प्रतीक्षाखोली होती. तिथे अनोळखी माणसांना ‘जरा थांबा, बोलावतो’ म्हणून बसवत आणि पलीकडच्या काचेतून पाहत की कोण कोणापासून किती अंतरावर बसतो, किती वेळाने घसा खाकरतो, कोण आधी बोलतो. शनिवारी झाडलोट करताना खुर्च्या हलत. काका टेप घेऊन गुडघ्यावर बसत आणि सहाही खुर्च्या खडूच्या खुणांवर आणून ठेवत. दोन खुर्च्यांत पंचेचाळीस सेंटिमीटर, त्यात बोटभरही फरक चालत नसे. दुसऱ्या मजल्यावर माशांना चिमूटभर खाणं, आणि कोणती मादी टाकीच्या कोणत्या कप्प्यात आहे त्याची नोंद. पहिल्यावर माश्या. आईबापांना एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत हलवायचं आणि अंडी मागे ठेवायची. बाटली हलकेच आपटून हे काम होतं. सुरुवातीला त्यांना ते जड गेलं. नंतर ते बाटली आपटताना “चला, निघायची वेळ झाली” असं म्हणू लागले. तळमजल्यावर एक ड्रम सतत संथ फिरत असे, त्यात रोपं. खाली कुठे नि वर कुठे हे रोपांना कळू नये म्हणून. काका ड्रमच्या मोटरीला तेलाचे दोन थेंब आणि रोपांना पाण्याचे बारा थेंब देत. आणि शेवटी तळघर. तिथे दोन तबकड्यांवरचे आकडे वहीत उतरवायचे, शेजारी लिहायचं: आत एक वाजता, बाहेर एक वाजून पाच मिनिटं.

हे सगळं ऐकल्यावर काकू एकदा म्हणाल्या होत्या, “म्हणजे पाचही मजल्यांवर एकच चौकशी चाललीय की. कोण कोणाजवळ जातं.”

“झाडं कुठे कोणाजवळ जातात?”

“जमिनीजवळ जातात. तुम्हीच म्हणालात, ड्रम थांबला की मुळं लगेच खाली वळतात.”

“आणि माश्या?”

“माश्यांचं तर विचारूच नका.”

पण वहीतली पाच मिनिटं खरी नव्हती. ते तिथे तासभर असत, आणि एकटे नसत.

काकूंचा डावा कान पंचावन्नाव्या वर्षी गेला, उजवा निम्मा उरला. घर दोन खोल्यांचं. त्यात मुलगा, सून, दोन नातू आणि सकाळपासून चालू असलेला टीव्ही. काकू आतल्या खोलीत नातवांपाशी झोपत, काका बाहेर घडीच्या खाटेवर. घरचे चांगले होते. कुणी काकूंवर वैतागत नसे, सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलत, इतकंच. “आई, चहा.” “आई, गोळी घेतली का?” “आई, दार लावून घ्या.” ओरडून सांगता येतील अशा गोष्टी थोड्याच असतात आणि त्या रोज त्याच असतात. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून टीव्ही, पंखा, नळ आणि नातवांची मारामारी सगळं एकाच मापाने आत शिरे. ते डबीत पडून होतं. त्यामुळे चार-पाच वर्षांत नवरा-बायकोत न ओरडता बोलणं असं झालंच नव्हतं. हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. हळू बोलायची सवय सुटते, आणि त्याबरोबर हळू बोलण्याजोगं जे असतं तेही.

मग एका रविवारी काका चष्मा घरी विसरले. काकू तो घेऊन संस्थेत आल्या. फाटकावरचा दरवान जुना, त्याच्या सदऱ्यांची बटणं काकूंनीच लावलेली. तो म्हणाला, “तळघरात असतील, जा.” काकू जिना उतरून खालच्या बोळात आल्या. बोळ अरुंद, भिंती हातभर जाड, भिंतीला टेकून एक लाकडी बाक. चष्मा हातात घेत काका स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, “दमलीस?”

“नाही हो,” काकू म्हणाल्या. “जिने उतरायचेच तर होते.”

 काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ‘दमलीस’ म्हणताना त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या तळघरात रस्ता येत नव्हता, वारा येत नव्हता, पाण्याचा पाइपसुद्धा गुरगुरत नव्हता. जगातला सगळा आवाज काढून घेतल्यावर काकूंच्या निम्म्या कानाला एक माणूस पुरेपूर ऐकू येत होता.

“पुन्हा बोला,” काकू म्हणाल्या.

“काय बोलू?”

“काहीही.”

त्या दिवसापासून दर रविवारी पावणेएकच्या सुमारास काकू बाजूच्या फाटकाने येत. डब्यात उकडलेली अंडी, सोललेली संत्री, थर्मासमध्ये चहा. बाहेरच्या माणसाला आत आणायची सक्त मनाई होती. रात्रपाळीच्या एका पहारेकऱ्याने मेहुण्याला आत झोपू दिलं म्हणून त्याला त्याच आठवड्यात काढलं होतं. त्यामुळे आपल्यापायी कुणाच्या कामाला धक्का लागू नये याची दोघं अतोनात काळजी घेत. चपला जिन्यापाशी काढत. बाकावर बसलं की उठत नसत, हातवारे करत नसत. हसू आलं तर काकू पदराने नाही तर रुमालाने, जे हाताशी येईल त्याने, तोंड दाबत. तासभर दोन पुतळ्यांसारखे बसून ते बोलत. मुलाच्या लहानपणीचं एक आजारपण, काकूंच्या बहिणीशी तुटलेलं बोलणं, घर सोडून गेलेल्या शेजारच्या बाईचा नवा पत्ता, मेल्यावर काय करायचं नि काय नाही. कधी भांडतही, तितक्याच हळू. ज्या भिंतीला ते पाठ टेकत, तिच्या पलीकडे काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. एक यंत्र होतं. पण ते त्याला हातही लावत नव्हते.

त्या यंत्रापाशी एक मुलगी तीन वर्षं बसली होती. काका मनातल्या मनात तिला दोरेवाली म्हणत. कारण यंत्र म्हणजे शेवटी एक दोराच होता. केसाहून बारीक, छताला बांधलेला. त्याला एक आडवी काडी, काडीच्या दोन टोकांना शिशाचे दोन गोळे, मध्ये नखाएवढा आरसा. आरशावर उजेडाचा किरण पडे आणि तिथून समोरच्या पट्टीवर एक ठिपका उमटे. काडी कणभर वळली की ठिपका सरके. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते, आणि हे ओढणं वस्तू अगदी जवळ आल्यावरही त्याच नियमाने चालतं का, हे दोरेवालीला पाहायचं होतं. ठिपका कुठे आहे ते एक लेखणी रात्रंदिवस कागदाच्या पट्टीवर रेघ ओढून लिहीत असे.

सोमवार ते शनिवार रेघ ठीक असायची. रविवारी दुपारी तिला उंटासारखं वशिंड येई. पावणेएकच्या सुमारास रेघ चढायची, तासभर वर राहायची, मग उतरायची. दीड वर्ष, जवळजवळ प्रत्येक रविवारी.

“काका, रविवारी वरची पाण्याची टाकी कधी भरते?” ती एकदा विचारायला आली.

“सकाळी आठला. का हो ताई?”

“दुपारी नाही?”

“दुपारी कशाला? तेव्हा पाणी कोण पितंय, मासे?”

टाकी गेली. मग तिने मोटारींचा संशय घेतला, की रविवारी बाहेरचं आवार रिकामं असतं. दोन रविवार तिथे मोटारी उभ्या करून ठेवल्या. वशिंड होतंच. मग विजेचा दाब, मग उन्हाने तापणारी भिंत. भिंतीवर सावली धरायला काकांनीच दोन ताडपत्र्या बांधून दिल्या, घाम पुसत, शिडीवर चढून. रविवारी पुन्हा वशिंड. मग ती स्वतःच तीन रविवार येऊन बसली. काका तिला पाहून दरवानाकरवी काकूंना फाटकावरूनच परत पाठवत. तिन्ही रविवारी रेघ ताठ सरळ.

तिसऱ्या मजल्यावरचे दाढीवाले सर जिन्यात हसले. “आमच्याकडे हे रोजचं आहे. कुणी बघतंय म्हटलं की माणसं शहाण्यासारखी वागतात. तुझा ठिपकापण माणसाळलाय. त्याला नको विचारूस, माणसांना विचार.”

तिला हसू आलं नाही. दीड महिन्याने तिचा प्रबंध तपासणाऱ्यांपुढे जायचा होता, आणि मोठे सर, म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, स्पष्ट म्हणाले होते: ज्या यंत्राला दर आठवड्याला तासभर काय होतं ते तुला सांगता येत नाही, त्याने बाकीच्या एकशे सदुसष्ट तासांत सांगितलेलं मी का खरं मानू? तीन वर्षं टाकून द्यावी लागतील.

हे तिने काकांना त्या जिन्यातच सांगितलं. आणि मग, कदाचित कुणाला तरी सांगायचंच म्हणून, ती बोलत राहिली. “जवळ काहीतरी जड येऊन थांबतंय काका. येऊन जाणारं नाही. येणारंजाणारं असेल तर ठिपका नुसता थरथरतो आणि विसरून जातो. हे येतं आणि स्वस्थ बसतं. एखादं पोतं, एखादं पिंप. माणूससुद्धा चालेल.”

“माणूस?” काका म्हणाले. “माणसाने काय होतंय? हात न लावता?”

“माणूस म्हणजे साठ-सत्तर किलो वस्तूच की. भिंतीपलीकडे बसला तरी ओढणारच. पण तिथे माणूस कुठे आहे? तुम्ही पाच मिनिटं असता.”

ती वर निघून गेली. लिफ्टच्या दिवसांपासून त्यांच्या वाट्याला आलेलं हे बहुधा पहिलं पूर्ण वाक्य. ते जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले.

घरी हे बोलता येत नव्हतं. ‘अगं, आपल्यामुळे त्या मुलीचं वाटोळं होतंय, आणि सांगावं तर आपला तास जाईल’ हे टीव्हीच्या वरताण ओरडून कसं सांगणार? सूनबाईंनी मध्येच विचारलं, “बाबा, बरं नाही का? जेवण गेलं नाही आज.” “आहे बरं,” ते म्हणाले. चार दिवस ते कुढत राहिले. शेवटी जे ठरवायचं होतं ते ठरवायला त्यांना तीच एक जागा होती.

रविवारी काकू बाकावर बसल्या, डबा उघडला. काकांनी सगळं सांगितलं. सावकाश, त्यांच्या उजव्या बाजूला बसून.

काकूंनी संत्र्याची फोड तशीच हातात धरली. “म्हणजे आत्ता तो ठिपका सरकतोय?”

“सरकला असेल.”

“कुठे?”

“आपल्याकडे.”

“किती?”

“केसाच्या रुंदीएवढा, म्हणे.”

काकूंनी मान मागे वळवून भिंतीकडे पाहिलं. “दोघांचं मिळून केसाएवढं. आणि घरात म्हणतात जागा पुरत नाही.”

“चेष्टा नको. काय करू ते सांग. उठू या का?”

“आता बसलोच आहोत.” काकूंनी पाठ पुन्हा भिंतीला टेकली. मग म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं दोऱ्याचं काम केलंय. गाठ कुठे बसलीय ते सापडेना की माणूस वेडं होतं. आपल्या हाताचाच संशय यायला लागतो. ती पोरगी तीन वर्षं एकाच दोऱ्यापाशी बसलीय.”

“सांगितलं तर हे बंद होईल.”

“होईल.”

“मग तुझ्याशी बोलायचं कुठे?”

 काकूंनी हातातली फोड काकांच्या हातावर ठेवली. “माझं नाव तेवढं घेऊ नका. एकटेच बसता म्हणा, डुलकी लागते म्हणा. नाहीतर दरवानाच्या पोटावर पाय येईल. त्याने मला सोडलं हा काय त्याचा गुन्हा झाला?”

सोमवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून तळघरात गेले. दोरेवाली कागदाची पट्टी पुढे पसरून बसली होती. ताजं वशिंड सगळ्यांत वर होतं.

“ताई, ते पोतं मीच,” काका म्हणाले.

तिला आधी समजलं नाही. समजल्यावर ती इतकी गडबडीने उठली की खुर्ची पडली. रागावली नाही. किती वाजता येता, कुठे टेकता, पाठ भिंतीला लागते का, हेच तिने पाच वेळा विचारलं. बाकापासून भिंतीपलीकडच्या काडीपर्यंतचं अंतर मोजून आणलं. मग आकडेमोड करत बसली. काका उभेच होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“काका, तुमचं वजन किती?”

“सत्तावन्न. पावसात भिजलो तर अठ्ठावन्न.”

तिने पुन्हा आकडे मांडले. पेन्सिल ठेवली. “हे एकशे अठ्ठावीस किलो येतंय. पाच इकडे, पाच तिकडे.”

काका पायांकडे पाहत राहिले. “डबा असतो,” ते म्हणाले.

“डबा.”

“थर्माससुद्धा असतो. भरलेला.”

“काका, डबा आणि थर्मास मिळून एकाहत्तर किलो?”

 लेखणी आपली रेघ ओढत होती. वहीतली पाच मिनिटं सोडली तर आयुष्यात त्यांनी एवढं एकच खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि शिशाच्या दोन गोळ्यांनी ते वजन करून परत केलं.

“आमच्या घरातलं माणूस असतं,” काका म्हणाले. आणि मग त्यांनी कानाचं सगळं सांगितलं.

दोरेवालीने ऐकून घेतलं. मध्येच तिने पट्टीवरचे दीड वर्षाचे रविवार एकेक करून मागे उलटले. एका ठिकाणी बोट ठेवलं. “इथे सलग चार रविवार वशिंड निम्मंच आहे. मी यावर महिनाभर डोकं फोडलं.”

काकांनी तारीख पाहिली. “तेव्हा तिला ताप होता. मी एकटाच बसायचो.”

“एकटे का बसायचात? बोलायला कुणी नव्हतं तर?”

“सवय,” काका म्हणाले.

कार्यालयप्रमुखांपुढे हे गेलंच. मोठे सर काकांच्या बाजूने बोलले, हे विशेष. कारण ते सहसा कुणाच्याच बाजूने बोलत नसत. त्यांनी सांगितलं की यंत्र बिनचूक आहे याचा याहून मोठा दाखला मिळाला नसता. त्याला भिंतीपलीकडे बसलेल्या एका बाईचा तापसुद्धा कळला. कार्यालयप्रमुखांनी चष्मा पुसला. नियम नियम आहे, ते म्हणाले, पण माश्यांचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही हेही आहे. शेवटी असं ठरलं: काकांचे बाकीचे चार मजले राहतील. तळघराची चावी जमा करायची, तिथले आकडे आता यंत्रच लिहील. बाक हलवायचा. बाहेरचं माणूस यापुढे फाटकाच्या आत नाही. दरवानाला समज देऊन सोडलं. एकच अडचण होती. तपासणाऱ्यांपुढे नुसतं सांगून भागणार नव्हतं. वशिंड त्या दोघांमुळेच येतं हे पुन्हा करून दाखवायला हवं होतं, मोजून, सगळ्यांच्या परवानगीने, एकदा.

म्हणून त्या शेवटच्या रविवारी काकू पहिल्यांदाच मोठ्या फाटकाने आल्या. दरवान उभा राहिला. काकूंनी नवा स्वेटर घातला होता आणि त्या चिडलेल्या होत्या.

“आजवर माझं वजन माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं,” खाली तळघरात आल्यावर त्या दोरेवालीला म्हणाल्या. “तुमच्या गोळ्यांनी चव्हाट्यावर मांडलं.”

दोरेवालीला त्यांच्याशी बोलताना आवाज चढवावा लागला नाही. हे तिने पाहिलं. “अजून एकदा मांडावं लागेल काकू,” ती म्हणाली आणि माशांच्या मजल्यावरून आणलेला तराजूचा काटा पुढे सरकवला. त्यावर एरवी खाण्याची पोती चढत.

“तुम्ही तिकडे तोंड करा,” काकू काकांना म्हणाल्या.

काटा त्र्याहत्तरवर थांबला.

“ठिपका एकाहत्तर म्हणाला होता,” दोरेवाली म्हणाली.

“मग तुझा ठिपका माझ्या जावांपेक्षा बरा. दोन किलो माफ केले.”

दोरेवालीने नीट समजावून सांगितलं. आधी दोघांनी वीस मिनिटं बसायचं. मग काका उठतील, काकू एकट्या बसतील. मग काकू उठतील, काका बसतील. मग बाक रिकामा. हलायचं नाही. बोललं तर चालेल, ओठांना वजन नसतं. ती स्वतः जिन्यापलीकडच्या खोलीत असेल. तिथून तिला पट्टी दिसते, ऐकू मात्र काही येत नाही.

ती गेली. दार लागलं. दोघं बाकावर बसली, नेहमीच्या जागी. काका काकूंच्या उजवीकडे.

 आठवडाभर काकांनी मनात जमवून ठेवलं होतं की आज हे सांगायचं, ते विचारायचं, पुढे ओरडून सांगता येणार नाही असं सगळं आजच उरकून घ्यायचं. आता तोंडाशी काही येईना.

“बोला की,” काकू म्हणाल्या. “आज तर परवानगी आहे.”

“परवानगी आहे म्हणूनच सुचत नाही.”

“मग मी बोलते. खाटेची ती एक पट्टी तुटलीय, तुमच्या पाठीला लागते. रात्री कूस बदलता तेव्हा करकरते.”

“तुला ऐकू येतं?”

“नाही. दिसतं. दार उघडंच असतं ना. मी जागी असते.”

काका त्यांच्याकडे पाहू लागले, मग हलायचं नाही हे आठवून पुन्हा समोरच्या भिंतीकडे. “रोज?”

“रोज कशाला. बहुतेक.”

मग काकांना सुचू लागलं. ते बोलत राहिले, हळू, आणि काकू ऐकत राहिल्या. मध्येच काकू बोलत आणि काका ऐकत. काय बोलले ते त्या दोघांचं.

पलीकडच्या खोलीत दोरेवाली पट्टीसमोर बसली होती. रेघ चढली होती, हवी तितकी, हवी तिथे. तीन वर्षांत इतकी सुंदर रेघ तिने पाहिली नव्हती. अकराव्या मिनिटाला ठिपका थांबला आणि हालेना. विसाव्या मिनिटाला तिने वहीत वेळ टिपली, वजन टिपलं, अंतर टिपलं. मग ती उठली, बोळाच्या तोंडाशी गेली आणि दार बोटभर उघडलं. दोघं भिंतीला पाठ लावून बसली होती, समोर पाहत, खांद्याला खांदा.

“झालं का गं?” काकूंनी मान न वळवता विचारलं.

“नाही काकू,” ती म्हणाली. “ठिपका अजून स्थिर झाला नाही. अजून थोडं बसा.”

तिने दार लावून घेतलं, पेन्सिल वहीत घातली आणि घड्याळाकडे पाठ करून बसली.